सुईच्या आधी हात

वाचकाचे पत्र

माझे वय ४६ आहे. मी घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहते आणि ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. गेल्या पाच महिन्यांपासून उजव्या खांद्याच्या फऱ्यापासून मानेपर्यंत सतत ओढ लागलेली असते. संध्याकाळी ती कानामागून चढून कानशिलापर्यंत जाते आणि डोके ठणकते. एक्स-रेच्या अहवालात मानेचा बाक सरळ झाल्याचे, तर एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गादी किंचित बाहेर आल्याचे लिहिले आहे. गोळ्या, शेक, मानेचा पट्टा असे सगळे करून झाले. आता घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये हे अहवाल पाहून लगेच ‘ड्राय नीडलिंग’, म्हणजे दुखऱ्या स्नायूत औषधाविना बारीक सुई टोचण्याचा उपचार, सुचवला असून दहा बैठकांचे सात हजार रुपये आगाऊ भरायला सांगितले आहे. ऑफिसमधील मैत्रिणीला म्हणे एकाच सुईत आराम पडला. सासूबाई म्हणतात की हे ॲक्युपंक्चरच आहे, त्यापेक्षा तिळाचे तेल चोळ. मला सुईची भीती वाटते आणि फुप्फुसाला सुई लागू शकते असेही कानावर आले आहे. रात्री कधीकधी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, पण हात अंगाखाली येत असावा. मधुमेहाची गोळी चालू आहे. सुई घ्यावी की नाही?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि मधुमेहाची गोळी. सुईचा निर्णय त्यानंतरचा आहे, म्हणून फिजिओथेरपिस्ट असूनही मी सुरुवात तिथूनच करते.

यापुढे मुंग्यांनी जाग आली, तर कंटाळा न करता दिवा लावा आणि नेमकी कोणती बोटे बधिर आहेत ते पाहून ठेवा. एखाद्या कागदावर हाताचा पंजा ठेवून आकृती काढावी आणि तेवढी बोटे पेन्सिलीने रंगवावीत; सकाळपर्यंत हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढ्याच भागात मुंग्या असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटाच्या अरुंद जागेत नस दाबली जात असल्याचा, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमचा संशय आधी घ्यावा लागतो. मधुमेह असलेल्यांमध्ये तो अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तर बराच जास्त. मुंग्या केवळ अंगठा आणि तर्जनीत असतील आणि मान मागे नेऊन उजवीकडे कलवल्यावर कळ दंडातून खाली उतरत असेल, तर मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधून निघणारी नस दुखावलेली असू शकते. करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर कोपरापाशी शोध घ्यावा लागतो. यांपैकी कोणतीही अडचण खांद्याच्या स्नायूत सुई टोचून सुटणारी नाही. ती तशीच राहून आपण भलत्याच ठिकाणी दहा बैठका घेत राहतो, आणि नसेच्या बाबतीत वाया गेलेले महिने नंतर भरून निघतातच असे नाही.

यासोबत हातातून कप निसटणे, साडीची पिन किंवा शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा कमी होणे, ताप, विनाकारण घटणारे वजन, यांतले काहीही असेल तर फिजिओथेरपीचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांना भेटावे. तुमच्या पत्रात असे काही नाही, तरी लिहिणे माझे काम आहे. आणखी एक आडवळणाची गोष्ट म्हणजे उजव्या फऱ्याखालचे दुखणे काही वेळा पित्ताशयातील खड्यांमुळेही असते. तेलकट जेवणानंतर दुखणे वाढते का, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून घ्यावा.

आता अहवालांकडे वळू. ‘मानेचा बाक सरळ झाला आहे’ हे वाक्य मी रोज वाचते. स्नायू आखडलेले असताना, किंवा एक्स-रे काढताना हनुवटी थोडी खाली घेतली असतानाही बाक सरळ दिसतो. त्यावरून दुखण्याचे कारण ठरवता येत नाही. गादी बाहेर आल्याचे वाचून लोक जास्त घाबरतात. जपानमध्ये मानेचे काहीही दुखणे नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढून पाहिले होते आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या मानेतील गादी कुठे ना कुठे बाहेर आलेली आढळली. ज्यांना काहीच होत नव्हते अशा लोकांची ही स्थिती आहे. त्यामुळे तुमचा एमआरआय खोटा ठरत नाही, पण तो तुमच्या खांद्याबद्दल बोलतो आहे की केवळ तुमच्या वयाबद्दल, हे अंगाला हात लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

नेमकी हीच गोष्ट तुमच्या पत्रात मला सापडली नाही. अहवाल पाहिले, बैठका सांगितल्या, रक्कम सांगितली; मधल्या वेळात कोणी तुमची मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली का, हाताची ताकद आणि बोटांची संवेदना तपासली का, खांद्यावरचा स्नायू बोटांत धरून पाहिला का, याचा उल्लेख नाही. तसे झाले असेल आणि लिहायचे राहिले असेल तर उत्तमच. झाले नसेल, तर सुई घेण्याइतकी तयारी अजून झालेली नाही.

ही तपासणी कशी असते ते सांगते. बॅगेचा पट्टा आपण ज्यावर अडकवतो, तो खांद्यावरचा जाड स्नायू म्हणजे ट्रॅपेझियसचा वरचा भाग. रुग्णाला पालथे किंवा कुशीवर झोपवून हा स्नायू अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरला आणि हळूहळू सरकवत नेला, की एखाद्या जागी पायजम्याच्या नेफ्यातून नाडी हाताला लागावी तसा एक ताठ पट्टा लागतो. त्या पट्ट्यावरून बोट पुढे नेले की नाडीला गाठ पडावी तसा एक बिंदू सापडतो, आणि तो दाबताच रुग्ण बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो, “हो, हेच ते, आता कानामागे जायला लागले.” रुग्णाने आपले नेहमीचे दुखणे त्या दाबात ओळखणे, ही या सगळ्या तपासणीतील मला सर्वांत विश्वासाची वाटणारी खूण आहे. या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. वरच्या ट्रॅपेझियसमधील ट्रिगर पॉइंटचे दुखणे मानेच्या बाजूने कानामागून वळून कानशिलापर्यंत जाते, आणि तुमच्या संध्याकाळच्या डोकेदुखीचे तुम्ही केलेले वर्णन त्याच वाटेचे आहे. म्हणून मुंग्यांचा उलगडा झाल्यानंतर तुमचे हे दुखणे स्नायूचे निघण्याची शक्यता मला बरीच वाटते. फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला जोडलेला, फरा वर उचलून धरणारा लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायूही तपासून घ्यावा, कारण फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरून हिशेब सांगणाऱ्यांचा तो हमखास आखडलेला असतो.

या सुईला ‘कोरडी’ म्हणतात, कारण तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. ती पोकळच नसते. इंजेक्शनची नेहमीची सुई अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीची असते, तर ही साधारण पाव मिलिमीटरची, भरीव आणि लवचिक असते. तिचा उगम मात्र इंजेक्शनमध्येच आहे. अमेरिकेतील डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल स्नायूंमधील अशा बिंदूंत भूल देणारे औषध टोचून दुखणे घालवत असत. जॉन एफ. केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले होते आणि १९६१ साली त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत डॉक्टर झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला. पुढे १९७९ साली कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी २४१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि असे मांडले की परिणाम औषधाचा कमी आणि सुई अचूक जागी लागण्याचा अधिक आहे. औषध गेले, सुई राहिली.

त्या बिंदूत नेमके काय बिघडलेले असते, यावर अजून वाद आहे. स्नायूचा छोटासा भाग आकुंचन पावून तसाच अडकतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि वेदना जागवणारी द्रव्ये साचतात, हे प्रचलित स्पष्टीकरण आहे. काही संशोधकांना ते मान्य नाही, आणि एकाच रुग्णाला दोन तपासनीसांनी तपासले तर दोघांना बिंदू एकाच जागी सापडतोच असेही नाही. माझ्या मते हा वाद खरा आहे आणि उपचार करणाऱ्याने तो रुग्णापासून लपवू नये.

सुईची भीती वाटणे यात काही विशेष नाही. ज्यांना भीती अनावर होते त्यांच्यावर हा उपचार करूच नये, असा नियम आहे. तुमची भीती त्या प्रतीची आहे की नेहमीची, हे ठरवायला सोपे जावे म्हणून मला स्वतःला काय जाणवले ते लिहिते, कारण प्रशिक्षणात आम्ही एकमेकींनाच सुया टोचल्या होत्या. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून सुई बोटाने टिचकी मारून आत गेली, तेव्हा मला ती गेल्याचे कळलेही नाही. नंतर ती स्नायूत पुढेमागे हलवली जात असताना एका क्षणी डोळा लवावा तसा स्नायू आपोआप लवला, आणि कोणीतरी आतून बुक्की मारल्यासारखी खोल कळ कानामागे जाऊन विरली. हे स्नायूचे लवणे म्हणजे सुई योग्य जागी लागल्याची खूण मानली जाते, पण ते झालेच पाहिजे असा हट्ट धरून तीच जागा पुन्हा पुन्हा कोचणारे लोक मला पटत नाहीत. दुसऱ्या दिवशी खांदा धनुर्वाताच्या इंजेक्शनानंतर दंड दुखतो तसा दुखत होता आणि तिसऱ्या दिवशी मोकळा वाटला. बहुतेकांचा क्रम असाच असतो. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास अंग ठणकते. म्हणून पहिली बैठक महिनाअखेरच्या हिशेबाच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

भीतीचा आणखी एक भाग म्हणजे चक्कर. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी एका रिक्षाचालकाला स्टुलावर बसवूनच खांद्यात सुई टोचली होती. पाळी संपवून तो सरळ माझ्याकडे आला होता आणि सकाळपासून चहाखेरीज त्याच्या पोटात काही नव्हते. सुई आत असतानाच त्याच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि तो धडधाकट माणूस माझ्या अंगावर कलंडला. सुई वेळीच काढता आली म्हणून निभावले, पण चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून मी झोपवल्याशिवाय कोणाला सुई टोचत नाही आणि जेवण किती वाजता झाले हे विचारल्याशिवाय तर नाहीच. तुम्हाला मधुमेहाची गोळी चालू असल्यामुळे ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. उपाशीपोटी जाऊ नये, पर्समध्ये साखर किंवा बिस्किटे ठेवावीत आणि कोणी खुर्चीवर बसवून सुई टोचू लागले तर “मला झोपूनच हवे” असे स्पष्ट सांगावे.

मधुमेहामुळे सुई वर्ज्य होत नाही. तथापि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सीचा अहवाल फिजिओथेरपिस्टला दाखवावा, कारण साखर फार वाढलेली असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो आणि अशा वेळी थांबणे शहाणपणाचे ठरते. खांद्याची हालचालच कमी झाली असेल, म्हणजे ब्लाऊजचा मागचा हूक लावायला किंवा फडताळातील वरचा डबा काढायला हात पोहोचत नसेल, तर तेही सांगा. मधुमेहात खांद्याचा सांधा आखडण्याचे प्रमाण अधिक असते आणि त्याचा उपचार वेगळा असतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी, हातावर सूज, गरोदरपण, शरीरात बसवलेला पेसमेकर, पूर्वी स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या असणे, या गोष्टी कोणी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगायच्या असतात.

फुप्फुसाबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे, आणि ते दुर्मीळ आहे हेही खरे आहे. फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या भागाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येते, म्हणजे तुमचा दुखरा स्नायू जिथे आहे त्याच्या अगदी शेजारी. सडपातळ व्यक्तीच्या खांद्यात सुई सरळ खाली खोल गेली, तर ती फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते आणि हवा बाहेर पडून फुप्फुस आकसू शकते. म्हणूनच खांद्यावरचा स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलायचा आणि सुई त्या चिमटीतच राहील अशी न्यायची असते. बरगड्यांवरील भागात तर हाताखाली हाड चाचपल्याशिवाय सुई लावूच नये. उपचारानंतर काही तासांतही छातीत एकाएकी टोचू लागले, दम लागू लागला किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर ‘सुईचा ठणका असेल’ म्हणून घरी पडून राहू नये. सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाऊन आज खांद्यात सुई घेतली आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. छातीच्या एक्स-रेत बहुतेक वेळा उलगडा होतो. आयर्लंडमधील ३९ फिजिओथेरपिस्टांनी ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली होती, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे साडेसात टक्के वेळा कातडी काळीनिळी पडली, सुमारे साडेचार टक्के वेळा थोडे रक्त आले, आणि गंभीर असे काहीही घडले नाही. पण ती सगळी रीतसर शिकलेली माणसे होती, ही अट आकड्यांच्या आतच दडलेली आहे.

तुमच्या क्लिनिकमधील व्यक्ती शिकलेली आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? फिजिओथेरपीची पदवी कोणती, राज्याच्या परिषदेकडील नोंदणी क्रमांक काय, नीडलिंगचे शिक्षण वेगळे कुठे आणि किती दिवस घेतले, आणि खांद्याच्या भागात सुई किती वर्षे लावत आहात, हे प्रश्न नम्रपणे विचारावेत. ज्याचे शिक्षण पक्के आहे तो रागावत नाही, उलट भिंतीवरची चौकट बोटाने दाखवतो. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरल्यावर पुन्हा कोणासाठीही, अगदी तुमच्यासाठीही, जपून ठेवता कामा नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून भोक पडणार नाही अशा डब्यात टाकायच्या असतात. पलंगावर पडल्या पडल्या तो डबा कुठे आहे ते पाहा. सुया केराच्या टोपलीत किंवा बिसलेरीच्या कापलेल्या बाटलीत पडताना दिसल्या, तर मी तुमच्या जागी असते तर चप्पल घालून बाहेर पडले असते.

आता या उपचाराने किती फरक पडतो, ते सांगते. अनेक चाचण्या एकत्र करून जे आढावे घेतले गेले, त्यांत एवढे दिसते की काहीच न करण्यापेक्षा किंवा टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या खोट्या सुईपेक्षा ड्राय नीडलिंगने पुढचे काही आठवडे, फार तर तीनेक महिने, दुखणे कमी राहते. हाताने दाब देणे, ताण देणे, व्यायाम यांच्याशी तुलना केली की हा फरक लहान होत जातो, आणि दीर्घ काळाबद्दल ठाम बोलावे इतका पुरावा नाही. चाचण्यांचा दर्जाही मध्यम किंवा त्याहून कमी आहे, कारण सुई खरी की खोटी हे अंगाला कळतेच. तुमच्या मैत्रिणीला एका सुईत आराम पडला, हे मी खोटे म्हणत नाही. तिचे दुखणे किती दिवसांचे होते आणि ती नंतर काय करत होती, हे मात्र तिला विचारून पाहा.

माझा स्वतःचा हिशेब साधा आहे. दोन, फार तर तीन बैठकांत काही मोजता येण्याजोगा फरक पडला नाही, तर चौथी सुई मी टोचत नाही. दुखण्याचे कारण पुन्हा शोधते. म्हणून दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. एकेका बैठकीचे पैसे द्यायची तयारी दाखवा, आणि क्लिनिक त्याला राजी नसेल तर दुसरे पाहा. ठाणे आणि नवी मुंबईत फिजिओथेरपिस्टांची वानवा नाही. फरक मोजायची एक घरगुती रीत आहे. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत सरळ बसा, मान उजवीकडे जाईल तितकी वळवा आणि हनुवटी खांद्याच्या हाडापासून किती बोटे दूर राहते ते घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगा. सुईच्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या तिसऱ्या दिवशी हे करावे. जोडीला संध्याकाळच्या डोकेदुखीची वेळ कॅलेंडरवर लिहीत जावी. “बरे वाटते आहे का?” या प्रश्नाला माणूस समोरच्याचा चेहरा पाहून उत्तर देतो, बोटांचे माप तसे करत नाही.

सुईने स्नायू मोकळा झाला, तर त्यानंतरचे दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात, कारण दुखत नसल्यामुळे त्या काळात व्यायाम सुरू करता येतो. तिथेच बहुतेक जण आराम करतात, आणि तिसऱ्या आठवड्यात तेच दुखणे घेऊन परत येतात. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना रबरी नळीने दिवसाला बारा मिनिटे, तर काहींना अवघी दोन मिनिटे व्यायाम दिला होता, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते आणि दोन मिनिटांचा गट फारसा मागे नव्हता. व्यायाम एकच: नळीचा मध्य पायांखाली दाबून दोन्ही टोके हातात धरायची, कोपर किंचित वाकलेले ठेवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे. ही नळी खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळते. सर्वांत हलक्या ताणाची घ्यावी, दमेपर्यंत किंवा दोन मिनिटे करावे आणि सोपे वाटू लागले की पुढच्या ताणाची घ्यावी. मुंग्यांची तपासणी होईपर्यंत मात्र हे थांबवा, आणि नंतरही हात उचलताना मुंग्या वाढल्या तर बंद करून डॉक्टरांना सांगा.

मानेचा पट्टा आता कपाटात ठेवायला हरकत नाही. पाच महिन्यांच्या दुखण्यात तो स्नायूंना आणखी आळशी करतो. ज्या डॉक्टरांनी तो दिला त्यांना एकदा विचारून घ्या. बॅगेबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, पण कासारवडवलीहून ठाणे स्थानकापर्यंत रिक्षाचे धक्के आणि पुढे ऐरोलीपर्यंत ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उजव्या खांद्याला लॅपटॉप अडकवून वरची कडी धरून उभे राहणे, हा तुमचा रोजचा क्रम असेल, तर त्या स्नायूला दिवसातून दोनदा शिक्षा होते आहे. दोन पट्ट्यांची पाठीवरची सॅक घ्या, गाडीत ती पोटावर धरा आणि कडीसाठी हात बदलत राहा. ऑफिसात पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि कोपरे टेबलावर टेकलेली असावीत. लॅपटॉपखाली दोन जाड फायली ठेवून वेगळा कीबोर्ड लावला, तरी पुरते.

सासूबाईंना एक सांगता येईल. सुई तीच असते, पण नकाशा वेगळा असतो. ॲक्युपंक्चर चिनी वैद्यकातील ऊर्जावाहिन्यांच्या कल्पनेवर उभे आहे आणि त्यातील बिंदू दुखण्याच्या जागेपासून दूर, पायावर किंवा हातावरही असतात. ड्राय नीडलिंगमध्ये दुखणारा स्नायूच हाताने शोधून त्यात सुई लावतात. गंमत म्हणजे ॲक्युपंक्चर भारतात आणणारे डॉ. बिजॉयकुमार बसू हे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासोबत १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले. कोटणीसांचे नाव घेतले की त्या पिढीचा सुईवरचा राग थोडा निवळतो, असा माझा अनुभव आहे.

त्यांच्या तिळाच्या तेलालाही माझी ना नाही. कोमट तेलाने हलक्या हाताने चोळून घेतल्यावर मान सैल पडते आणि झोप बरी लागते. फक्त सुई घेतलेल्या दिवशी त्या जागी तेल लावू नका आणि जोर देऊन चोळू देऊ नका. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर त्यांना खुशाल बोलवा, आणि जमल्यास हनुवटी ते खांदा किती बोटे भरतात ते मोजण्याचे कामही त्यांच्याकडेच द्या.